तक्रार न जमणारा इंग्रज

तक्रार कशी करावी याची अक्कल देवाने कुणाला अजिबात दिली नसेल, तर जेद्द्यातल्या आमच्या हॉटेलात चार महिने वाजवायला आलेल्या इंग्रज सॅक्सोफोनवाल्याला. रत्नागिरीत कॉलेजात असताना मी एसटीच्या पासापासून नळाच्या पाण्यापर्यंत पत्रकं काढलेली, त्यामुळे मला हे बघवायचं नाही. बिर्याणी गार आली, हा खातोय. गाडी तासभर उशिरा आली, हा फुटपाथवर बसून हॉर्नचे सूर लिहून घेतोय, तेही लॉन्ड्रीच्या पावतीमागे. चार महिन्यांत एकच तक्रार केली, ती माझ्याबद्दल. मी हॉटेलचा मेकॅनिक, त्याच्या खोलीतला घरघरणारा एसी दोन तास खपून गप्प केला, तर दुसऱ्या दिवशी साहेब खाली हजर. त्या घरघरीवर तो म्हणे नवी रचना बांधत होता. "तो आवाज परत बसवता येईल का?" बसवला. काय करणार?

फक्त एका बाबतीत तो सोवळं पाळल्यासारखा कडक. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बोरूची पातळ पट्टी लागते. ती रोज थोडी वाजवायची, भिजवायची, सुकवायची, तेव्हा कुठे ती सुराला वळते. अशा आठ मुरलेल्या पट्ट्या त्याच्या ग्लासात उभ्या होत्या. खोली साफ करणाऱ्या आमच्या दापोलीकडच्या कासमचाचांनी त्या सगळ्या कचऱ्यात टाकल्या.

"आइस्क्रीमच्या काड्या वाटल्या रे," चाचा म्हणाले. "त्याही चोखलेल्या."

त्याच संध्याकाळी हॉटेलमालकाच्या पाहुण्यांसमोर कार्यक्रम. पट्ट्या गायब झाल्याचं कानावर येताच इजिप्शियन सुपरवायझर पेटला. ज्याने हे केलं त्याचा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, रद्द, घरी रवानगी. चाचांच्या धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष या पगारावर चाललेलं. माझं डोकं फिरलं. वाद्यांची ओळख करून न देता कामगाराला शिक्षा कसली? मी सहा कलमी निवेदन खरडलं. चाचांनी ते वाचून घडी घातली. "बाळा, हे खिशात ठेव. नाहीतर एकाच विमानात दोघं जाऊ."

तेवढ्यात सुपरवायझरने इंग्रजाला लॉबीत बोलावून विचारलं, सकाळी खोलीत कोण आलं होतं? तो कानापर्यंत लाल झाला. तक्रारीइतकंच त्याला खोटंही जमत नव्हतं.

"मीच टाकल्या. जुन्या झाल्या होत्या."

पाहुण्याला खोटा कोण म्हणणार? प्रकरण खलास. चाचा चादरींच्या ट्रॉलीला धरून उभे होते.

संध्याकाळी नवी, ताठ पट्टी दोनदा किंचाळली. आम्ही किचनच्या दाराआडून ऐकत होतो. चाचांनी दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले. त्यानंतर मात्र त्याने ती किंचाळी मुद्दाम परतपरत काढली, तिच्याभोवती काहीतरी विणलं, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

महिन्याने तो निघाला. चाचांनी बॅग टॅक्सीत ठेवली, टिप घेतली नाही, आणि हिंदी न समजणाऱ्या सुपरवायझरच्या देखत सरळ सांगून टाकलं, "साहब, वो मैंने फेंका था."

इंग्रजाने अर्थासाठी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी कळणारा सुपरवायझर शेजारीच उभा. खरं तेच छापायचं म्हणून आजवर किती जणांशी भांडलोय मी. म्हणालो, "चाचा म्हणतात, सांभाळून जा."

"तुम्हीही," तो चाचांना म्हणाला.

टॅक्सी गेली. आम्ही दोघं उन्हात थोडा वेळ उगाच उभे राहिलो.