हेलिपॅडवरचा हिरडा

माझ्या आत्याचा हिरडा राष्ट्रीय सुरक्षेला धोका ठरला, तेव्हा मी मंचरच्या एसटी स्टँडवर वडापाव खात होते. आत्या फोनवर नेहमीच ओरडून बोलते. तिच्या वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर येते आणि तिथे वारा भणाणत असतो. त्यामुळे आधी मला वाटलं, हिरडा उडाला.

"उडाला न्हाई गं, उचलून नेला! पोलिसांनी. पोत्यात भरून."

"का पण?"

"म्हणं, देशाला धोका हाय."

वडापाव तसाच पिशवीत कोंबून मी पहिली जीप धरली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. माझे वडील छापखान्यात कामाला. आमच्या घरात शेंगदाणे पत्रकांच्या पुड्यांत असत, वह्यांना कव्हरं पत्रकांची असत आणि मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या अन्यायावर पत्रकं लिहिली. आता अन्याय चालत घरी आला होता, तोही आत्याच्या.

आत्याची वाडी भीमाशंकरच्या रस्त्यापासून जरा आत आहे. पावसाळ्यात भात, वरच्या उताराला नाचणी आणि उन्हाळ्यात हिरडा. कोवळा बाळहिरडा झाडावरून पाडायचा, वेचायचा आणि चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायचा. वाळून काळा आणि खड्यासारखा टणक झाला की व्यापारी घेतो, औषधाला जातो. पण अर्धाकच्चा हिरडा पोत्यात कोंडला तर तो आतल्या आत तापतो आणि दोन दिवसांत त्याला पांढरी बुरशी धरते. मग तो व्यापारी घेत नाही आणि बकरीही खात नाही. आत्याचं वर्षभराचं मीठ-मिरची, औषधपाणी या एका महिन्यावर चालतं.

वाळवायला वाडीचा एक सपाट कातळ होता. काही वर्षांपूर्वी सरकारने त्यावरच काँक्रीट ओतून हेलिपॅड केलं, मोठ्या लोकांना दर्शनाला उतरता यावं म्हणून. वाडीने तक्रार केली नाही. काँक्रीट कातळापेक्षा जास्त तापतं, हे बायकांना पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. वर पांढऱ्या रंगात जो इंग्रजी एच काढलेला होता, त्याने तर वाटण्यांची भांडणंच मिटली. आडव्या दांड्याच्या वरचा खण आत्याचा, खालचा शेजारच्या काकूंचा, बाहेरच्या कडा बाकीच्यांच्या. वर्षातून एखाद्या वेळी हेलिकॉप्टर यायचं, तेव्हा आदल्या दिवशी निरोप मिळायचा आणि बायका हिरडा गोळा करून घ्यायच्या. कुणाचं काही अडत नव्हतं.

या वेळी निरोप आलाच नाही. दिल्लीचे कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून गाड्या आल्या, त्यातल्या साहेबांना हेलिपॅडवर काळपट गोळ्यांचा थर दिसला. बायका रानात होत्या. दुपारी परत आल्या तर काँक्रीट झाडून स्वच्छ, आणि कडेला नवा फलक: 'प्रतिबंधित क्षेत्र. राष्ट्रीय सुरक्षा.' चौदा पोती हिरडा खालच्या पोलीस चौकीत जमा झालेला. त्यातली नऊ आत्याची. दोनच दिवस वाळलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या, शेजारच्या काकू आणि मी चौकीत पोहोचलो. मी जीपमध्ये चार पानी अर्ज लिहिला होता. त्याची सुरुवात 'लोकशाहीच्या छाताडावर' अशी होती. माझा मुख्य सवाल दुसऱ्या पानावर होता: राष्ट्रीय सुरक्षा म्हणजे नेमकं काय? मी जेवढे कायदे चाळले आहेत, त्यांत हा शब्द सगळीकडे सापडतो, पण त्याची व्याख्या मला कुठेच सापडलेली नाही. कुंपण घालायला तो चालतो, माहिती नाकारायला चालतो. आमच्याकडच्या एका मुलाने पुलाला पडलेल्या भगदाडाचा फोटो टाकला, तर त्यालाही हाच शब्द ऐकवला गेला. भगदाड धोक्याचं नव्हतं, फोटो धोक्याचा होता. ज्याच्या हातात शिक्का, त्याने तो शब्द पाहिजे तसा ताणावा.

चौकीतले फौजदार घामाघूम बसले होते. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि चष्मा काढला.

"ताई, व्याख्या मला नाही माहीत. वरून आदेश आहे."

"वरून म्हणजे कुठून?"

त्यांनी नुसतं वर बोट केलं. वर पंखा होता, बंद पडलेला.

काकू पुढे सरकल्या. त्यांचा मुलगा सैन्यात आहे, हे सांगितल्याशिवाय त्या बसचं तिकीटही काढत नाहीत. "सायेब, माझा पोरगा बॉर्डरवर हाय. लावू का फोन? इचारते त्याला, बाबा, तू तिकडं कोणापासून राखतोय? हितं तर आईच्या हिरड्यापासून देश राखायचं चाललंय."

"मावशी, तसं नाही..."

"मग कसं हाय?"

फौजदारांनी पंचनामा पुढे केला. त्यात लिहिलं होतं: 'अज्ञात काळपट टणक वस्तू, अंदाजे चौदा पोती, संशयास्पद रीतीने पसरलेली.' मी त्या 'अज्ञात' शब्दावर तुटून पडणार, तेवढ्यात लक्षात आलं की आत्या तिथे नाहीच. ती कोपऱ्यातल्या पोत्यांपाशी जाऊन एकेका पोत्याला नाक लावत होती.

"सायेब, हिकडं या. ह्याला ताप आलाय."

"कुणाला?"

"हिरड्याला. हात घाला आत."

जवळच्या तरुण शिपायाने पोत्याचं तोंड सोडून कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. "सर, आतून गरम आहे! खरंच गरम आहे!" तो दोन पावलं मागे सरला. फौजदारही खुर्चीवरून उठले. क्षणभर चौकीतल्या सगळ्या वर्दीला खात्री पटली की वरचा आदेश बरोबर होता.

आत्या इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "फुटत न्हाई राव तो! कुजतोय. आज ऊन दावलं न्हाई तर उद्या बुरशी. आन् माझं वरीस गेलं."

शेवटचं वाक्य तिने हसतच म्हटलं, पण हात पोत्यावरून काढला नाही. मला माझी चार पानं एकदम फार लांब वाटली. त्यांतलं एक वाक्य तरी आज दुपारच्या आत हिरड्याला उन्हात नेणार होतं का?

फौजदार माणूस वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की मुद्देमाल परत द्यायला वरचा कागद लागतो, आणि पाहुणे येऊन गेल्याशिवाय तो मिळणार नाही. म्हणजे आणखी तीन दिवस.

"मुद्देमाल सांभाळायची जबाबदारी कुणाची?" मी विचारलं.

"आमचीच."

"मग तो खराब झाला तर?"

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. मी अर्जाची पानं घडी करून ठेवली आणि म्हटलं, "परत देऊ नका. ताब्यातच ठेवा. पण वाळवा."

त्यांनी बाहेरच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे सावली होती. मग मान वर करून जिन्याकडे पाहिलं. चौकीला सिमेंटची गच्ची होती.

तासाभरात चौकीची गच्ची हिरड्याने काळी झाली. दोघा शिपायांनी पोती वर चढवली आणि आत्याने एच नसताना अंदाजाने वाटे पाडले. हिरडा दिवसातून तीन-चार वेळा पायाने चाळवावा लागतो, नाहीतर खालची बाजू ओली राहते. आम्हा बायकांना सरकारी गच्चीवर थांबायची परवानगी नव्हती, त्यामुळे हे काम शिपायाकडे आलं. आत्याने त्याला बूट काढायला लावले.

"पाय उचलू नको रं भाऊ, घासत ने. भात तुडवतोय व्हय?"

"आमच्याकडे ऊस असतो मावशी."

"मग शीक. नोकरी गेली तर पोटाला लागंल."

तीन दिवस आम्ही सकाळी जीपने येत होतो आणि चौकीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून वर नजर ठेवत होतो. माकडं आली तर आत्या खालून ओरडायची आणि शिपाई वरून काठी आपटायचा. रस्त्याने जाणारे यात्रेकरू थांबून विचारत, पोलीस वर काय नाचतोय? काकू अभिमानाने सांगत, "ड्यूटी हाय त्याची."

पाहुणे हेलिकॉप्टरने आलेच नाहीत. घाटावर ढग होते म्हणून ते मोटारीने आले, मोटारीने गेले. ज्या काँक्रीटवरून धोका उचलला होता, ते तीन दिवस रिकामं तापत राहिलं. चौथ्या दिवशी कागद आला: धोका संपुष्टात आला आहे, मुद्देमाल परत करावा.

फौजदारांनी पावती तयारच ठेवली होती. 'सर्व मुद्देमाल सुस्थितीत मिळाला.' खाली सहीची जागा. मी पेन आत्याकडे दिलं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि एकेका पोत्यातून मूठभर हिरडा काढून फरशीवर टाकायला लागली. चांगला वाळलेला हिरडा फरशीवर टणटण वाजतो. तेरा पोती वाजली. चौदावं, तिचंच, नुसतं थपथप पडलं. पहिल्या दिवशी गडबडीत ते जिन्याखाली राहून गेलं होतं. आत पांढरी बुरशी होती.

"हे बी लिवा," आत्या म्हणाली.

"अहो मावशी, चौदापैकी एक. तेरा तर आम्हीच वाळवून दिली की!"

"त्याचं लई उपकार. त्ये बी लिवा. आन् ह्ये बी लिवा."

"लिहिलं तर मला वरून विचारतील."

"इचारू द्या की. आमाला तर कुणी इचारलं बी न्हाई."

शिपाई तोंड फिरवून हसला. फौजदारांनी डोकं खाजवलं, 'सर्व' हा शब्द खोडला आणि वर 'तेरा पोती' असं लिहिलं. मग त्याखाली: 'एक पोते खराब.' पुढे कारण लिहायला ते थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. त्यांना माझी भीती वाटत असावी. मला भरपूर कारणं सुचत होती. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली, सत्तेच्या बेपर्वाईमुळे, नागरिकांना विश्वासात न घेता. मी तोंड उघडलं.

"लिवा, कोंडून ठेवल्यामुळं," आत्या म्हणाली.

फौजदारांनी तेच लिहिलं, तारीख घातली, शिक्का मारला. मग आत्याने पेन उचललं आणि एकेक अक्षर दाबत आपली पूर्ण सही केली.