रागावायचा हक्क

फिलूमावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी सातिवलीच्या कारखान्यात हजेरीपट भरत होते. शेजारचा आंतोन आमच्या गास गावाहून सायकल मारत आला होता. आता दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, तोंड बारीक करून बसतात आणि तिचे किस्से निघाले की हसत घरी जातात.

ती माझ्या आईची मावसबहीण, गावच्या शाळेत शिक्षिका, बिनलग्नाची. आई वारली तेव्हा मी तीन वर्षांची होते. वडिलांनी मला मावशीच्या ओटीवर बसवलं, आठवड्यात येतो म्हणाले आणि सुरतेला गेले... ते नऊ वर्षं आलेच नाहीत. पोर कितवीत गेली, काय शिकली, हे मावशी दर जूनमध्ये त्यांना रजिस्टर पत्राने कळवायची. दर वेळी पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायचं. ती ते न फोडता ट्रंकेत ठेवून द्यायची.

मी सातवीत असताना वडील अचानक उगवले. दुसऱ्या बायकोला जुळं झालं होतं, घरात हाताखाली मुलगी हवी होती. मी माळ्यावर लपून बसले. मावशीने त्यांना चहा दिला, घरी उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली आणि दुसऱ्या दिवशी वकील गाठला.

ठाण्याच्या कोर्टात वकिलांनी पाकिटांचा गठ्ठा पुढे केला. न्यायाधीश एक पाकीट फोडू लागले, तशी मावशी उभी राहिली.

"साहेब, माफ करा. पत्र त्यांच्या नावाचं आहे. त्यांनाच फोडू द्या."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही हसत पाकीट वडिलांकडे दिलं. माझा पहिला दात पडला त्या वर्षीचं पत्र होतं ते. वडिलांनी दोनदा वाचलं... मग हळू आवाजात म्हणाले, "माझी हरकत नाही. हिच्याकडेच राहू दे. ही पत्रं मात्र मला मिळतील का?"

पित्याने मुलीला टाकलं, म्हणून त्याचा पालकत्वाचा हक्क संपला, असा निकाल झाला. पालक म्हणून मावशीचं नाव लागलं. नकला ठेवून घेऊन कोर्टाने पत्रं वडिलांना दिली. बाहेर आल्यावर मावशीने जुळ्यांसाठी म्हणून सुकेळीची पुडी त्यांच्या हातात कोंबली.

तोवर ती मला कधीच रागावली नव्हती. दुसऱ्याची ठेव म्हणून जपायची. त्या संध्याकाळी मी वाडीतून चिखलाच्या पायांनी थेट स्वयंपाकघरात शिरले आणि मावशी घरच्या बोलीत अशी कडाडली की शेजारी ओटीवर आले. मी जागच्या जागी उभी राहून हसत होते. हसतेस काय, असं तिने विचारलं.

"अजून रागाव," मी म्हटलं.

पुढे तिने ती हौस मनापासून फेडली. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशीसुद्धा.

परवा वाडीतून आले तर मागच्या दारातली बादली रिकामी होती. भरायची सवय तिची. मी ती काठोकाठ भरली, पाय धुतले, टाचासुद्धा घासल्या... आणि मगच आत गेले.