वैद्यीण गजराबाईचं दुखणं

कोरीटच्या गजराबाईला वैद्यकी कुणी शिकवली नव्हती. ती तिनं स्वतःच स्वतःला बहाल केली होती. कुणाचं पोट दुखो, कुणाची म्हैस आटो, गजराबाई ओसरीवरून न उठता औषध सांगून मोकळी. औषधं तीनच: आंबेहळद, एरंडाचं पान आणि ‘अंगावर काढू नको’ हा दम. त्यातला दम सगळ्यात जास्त वाटला जाई.

त्यामुळं चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात आंघोळ करताना डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा बाईची पंचाईत झाली. दुसऱ्या कुणाला असती तर गजराबाईनं तिला फरफटत डॉक्टरकडे नेलं असतं. पण वैद्यच आजारी म्हटल्यावर गावात तोंड काय दाखवायचं? तिनं आंबेहळद उगाळून लावली, वर एरंडाचं पान बांधलं आणि गाठीला बजावलं, “आठ दिवसमा निंघी जाय.” गाठ काही गावातल्या बायकांसारखी तिचं ऐकणारी नव्हती. सुपारीचं लिंबू झालं. सात महिने गजराबाईनं ते चोळीआड सांभाळलं. पुढं ती स्वतःच सांगायची, “मन्हा पोऱ्हेसले बी मी इतलं जपेल नही!”

नवरा दोधू पाटील साधा माणूस. लेपाचा वास आला की विचारायचा, “काय लायं वं?” ती म्हणायची, “पाठ दुखस.” मग तो बिचारा पाठ चोळून द्यायचा. दुखणं एकीकडे, चोळणं दुसरीकडे.

गोष्ट उघडी पडली ती नर्मदाबाईमुळं. नर्मदाबाई तिची थोरली जाऊ. घराला घर लागून, पण नऊ वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. कारण पापड. एका बारशात गजराबाई चारचौघींसमोर म्हणाली होती, की नर्मदाबाईच्या उडदाच्या पापडाला खिळे ठोकले तर चांगली वहाण होईल. सगळ्या हसल्या होत्या, नर्मदाबाई सोडून.

त्या दिवशी विहिरीवर गजराबाई भरला हंडा उचलायला गेली आणि डावा हात खांद्यापर्यंत जाईना. नर्मदाबाईनं हंडा तिच्या हातून काढून घेतला आणि नऊ वर्षांनंतरचा पहिला शब्द बोलली.

“दखाड.”

“काय दखाडू?”

“जे झाकी ऱ्हायनी ते.”

जवळच्या गोठ्यात नेऊन तिनं पाहिलं. गजराबाईचा पदर नीट केला आणि ओल्या पायांनीच शेतात दोधूकडे चालू लागली. मागून गजराबाई ओरडत होती, “जिजी, लेप लायेल शे वं मी!”

मग सगळं भराभर झालं. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून लगेच मुंबईला चिठ्ठी दिली. मुंबईत ऑपरेशन झालं, डावी छाती काढून टाकली. रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता, म्हणून नव्या औषधाच्या बारा सुया घ्यायच्या होत्या, पंधरा दिवसांनी एक. त्या चिंचपाड्यालाच द्यायची सोय झाली. निघताना मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, “बाई, इतके महिने काय करत होतात?”

उत्तर दोधूनं दिलं.

“पाठ चोळत होतो, साहेब.”

दोधूला सुईसाठी सोबत नेऊन उपयोग नव्हता. पहिल्याच खेपेला तो बायकोचा हात धरून उभा राहिला, औषध शिरेत जाताना बघितलं आणि उभ्याचा आडवा झाला. नर्सबाई त्याच्याच तोंडावर पाणी मारत बसल्या. दुसऱ्या सुईपासून नर्मदाबाई येऊ लागली. बैलगाडीनं नंदुरबार, तिथून पॅसेंजरनं चिंचपाडा. परतीच्या वाटेवर गजराबाईच्या मांडीवर पितळी पातेलं. त्यात ओकून झालं की मान वर करून ती म्हणायची, “एक बी टेसन सोडं नही मी.” नर्मदाबाई हसायची नाही. पातेलं खिडकीतून विसळायची आणि परत मांडीवर ठेवायची.

घरी वेगळीच तऱ्हा. मिरचीचा हंगाम, अंगणात लालभडक पथारी. नुसता वास नाकात गेला की गजराबाईची आतडी तोंडाशी. दोधूनं एका दिवसात सगळी मिरची उचलून नदीकडच्या शेतात नेऊन पसरली. गल्लीतल्या बायकांनी आपसात ठरवलं, की सुईनंतर तीन दिवस कुणी मिरचीची फोडणी द्यायची नाही. आख्खी गल्ली गोडं वरण खाऊ लागली. समोरचे म्हातारे करणसिंगबाबा ताटावर बसले की विचारायचे, “कव्हय बरी व्हई वं ती? तोंडले चव नही ऱ्हायनी!” गजराबाईला ते भिंतीआडून ऐकू यायचं. जन्मभर लोकांच्या तव्यात नाक खुपसून मीठ-तिखटाच्या चुका काढणारी आपण, आणि आपल्यापायी आज गल्ली अळणी जेवते, याची तिला लाज वाटायची. आणि बरंही वाटायचं.

पोटात मात्र काही ठरत नव्हतं. दोधूनं केलेली खिचडी तर सुईच्या आधीसुद्धा ठरली नसती. एक दिवस नर्मदाबाईनं निखाऱ्यावर भाजलेला उडदाचा पापड पुढं केला. गजराबाईनं तुकडा मोडला, चावला, गिळला. पोट गप्प. तिनं दुसरा मागितला.

“काय वं,” नर्मदाबाई म्हणाली, “कशी लागी ऱ्हायनी वहाण?”

“जिजी, मन्ही जीभच चामडानी व्हती.”

तिसऱ्या सुईनंतर केस गेले. कमरेपर्यंतचा शेपटा होता तिचा, त्याची तिला कोण मिजास! तो फणीबरोबर झुबक्याझुबक्यानं हातात येऊ लागला. “नाव गजराबाई, आन गजरा माळाले शेंडी बी नही,” ती म्हणाली. म्हणताना हसली, आणि मग पदर तोंडात कोंबून रडली. नर्मदाबाईनं उरलेले केस कात्रीनं कापले, उघड्या डोक्यावर खोबरेल जिरवलं आणि पदर कपाळापर्यंत ओढून दिला.

आठव्या सुईच्या सकाळी गाडी जुंपून तयार, आणि गजराबाई खाटेवरून उठेना. “मी बरी व्हई गई. मन्ही वैद्यकी सांगस, आते सुई नको.”

नर्मदाबाई पातेलं घेऊन आत आली.

“तुन्ही वैद्यकीनी एक छाती खादी. दुसरी बी तिले देवानी शे का?”

गजराबाई उठली आणि गाडीत जाऊन बसली. नांगी मोडलेल्या विंचवासारखी, असं तीच पुढं सांगायची. बारा सुया पुऱ्या झाल्या. केस परत आले, तेही कुरळे. तीन वर्षं झाली, दर तपासणीला डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणत राहिले.

चोळी एका बाजूनं रिकामी दिसू नये म्हणून ती आत घरच्या कापसाचा बोळा ठेवायची. अडुसष्टच्या वैशाखात पुतणीच्या हळदीला ती जोरात नाचली आणि बोळा भर मांडवात जमिनीवर पडला. ढोल थांबला. बायका पायाच्या अंगठ्याकडे बघू लागल्या. गजराबाईनं बोळा उचलला, फुंकर मारून धूळ झाडली आणि म्हणाली, “औंदा कपाशी लवकर फुटनी वं!”

पहिली हसली नर्मदाबाई. मग मांडव हसला.

पंगती उठल्यावर धानोऱ्याहून आलेली कमलबाई नावाची पाहुणी तिला मागच्या दारी घेऊन गेली. तरुण बाई. तिलाही गाठ होती, चार महिन्यांपासून. “मावशी, तुम्ही हासन्यात म्हनीसन सांगी ऱ्हायनू. काही लेप शे का?”

गजराबाईनं गाठ चाचपली आणि छातीठोकपणे सांगितलं, की हे माझ्यासारखंच, लेप नाही, उद्या चिंचपाडा. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरमध्ये तिनं कमलबाईचा हात सोडला नाही.

डॉक्टरांनी तपासलं, सुई घालून पाणी काढलं, आठवडाभर तपासणीच्या निकालाची वाट बघायला लावली. साधी पाण्याची गाठ निघाली. कमलबाई डोळे पुसत म्हणाली, “मावशी, तुम्ही तर म्हने तुमना जोगंच शे!”

“मन्हं सांगनं खोटं पडनं,” गजराबाई म्हणाली. निदान चुकल्याचा एवढा आनंद कुठल्या वैद्याला झाला नसेल. गावी परतल्यावर तिनं आपलं चुकलेलं निदान घरोघर जाऊन सांगितलं.