सारवलेल्या घरात पूर नव्हता

"आजी, घर तर चकाचक आहे तुमचं. पूर आला कुठं?"

विमा कंपनीचा सर्वेवाला माझ्या उंबऱ्याबाहेर उभा राहून असं म्हणाला आणि हसला. त्याच्याबरोबर अण्णा होते. तेही हसले. अण्णा गावातले मोठे द्राक्षबागायतदार. मी आणि माझी सून सुमन त्यांच्याच बागेत कामाला जायचो. इतक्या वर्षांत अण्णा पहिल्यांदा माझ्या दारापर्यंत आले होते.

मी म्हणाले, "साहेब, कमरेएवढं पाणी होतं घरात."

"मग भिंतीवर खूण कुठंय?"

खूण नव्हती. आम्हीच पुसली होती.

त्यानं मोबाईलवर फोटो काढले. दाराचा, चुलीचा. चूल ताजी सारवलेली. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या. उंबऱ्यापुढं सुमननं रांगोळी काढली होती. त्या रांगोळीचाही फोटो काढला आणि अण्णांना म्हणाला, "बघा, पूरग्रस्त." परत हसले दोघं. आत पाऊल न टाकता गेले. मी चहाचं आधण ठेवलं होतं. ते तसंच उकळत राहिलं.

आमचं गाव नाशकाच्या खाली, गोदावरीच्या काठाला. आम्ही तिला गंगा म्हणतो. धरणातून पाणी सोडलं आणि पंचवटीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की शहरातली माणसं पुलावर गर्दी करतात. फोटो काढतात, भजी खातात. तेच पाणी पुढं आमच्याकडे येतं. गाव उंचावर आहे. आमचा बौद्धवाडा सखल भागात, नदीला चिकटून. जुनी माणसं अजून महारवाडाच म्हणतात.

त्या वेळी पाणी दिवसाढवळ्या आलं. पंचायतीचा भोंगा वाजला तेव्हा ते विहाराच्या पायरीला लागलं होतं. शेळी आणि पिठाचा डबा घेऊन आम्ही वरच्या शाळेत जाऊन बसलो. पाणी उतरल्यावर परत आलो तर घरात गुडघाभर चिखल. त्यात मेलेल्या कोंबड्या, पाण्याच्या बाटल्या, घाटावरचे हार आणि नारळ. शहराचं सगळं उष्टं.

घराचा विमा होता. हौसेनं काढलेला नाही. बचत गटाचं कर्ज घेताना बँकेनंच उतरवून घेतला होता. हप्ता खात्यातून आपोआप कापला जायचा. कापताना कुणी विचारलं नाही की घर नेमकं कुठं आहे.

सर्वेवाले साहेब घरं बघायला येणार असं सरपंचांनी कळवलं आणि सगळ्या वस्तीनं घरं धुवायला काढली. बायांनी एकमेकींच्या घरचा चिखल ओढला. कुणाकडून तरी शेण आणलं. माझ्या भिंतीवर पाण्यानं ओढलेली काळी रेघ होती. ती मी माझ्या हातानं पोतारली. पुन्हा पुन्हा हात फिरवला. साहेबांना दिसू नये म्हणून.

आज कुणी विचारतं, असं कसं केलंत? कसं केलं ते सांगते. मी चौथीपर्यंत शिकले. मास्तर मला भिंतीकडे बसवायचे. म्हणायचे, तुमच्या घरांचा वास येतो. अण्णांची आई भाकरी वरून टाकायची. पुढं कायदे आले, विहार झाला, आम्ही जुने देव गंगेत सोडले. पण घाणेरडे हा शब्द गेला नाही. तो आमच्या बायांच्या हातात बसला. दारी कुणी वरचं माणूस येणार म्हटलं की हात आपोआप खराटा शोधतात. उपाशी दिसलेलं चालतं आम्हाला. घाण दिसलेलं चालत नाही. हे कुणी शिकवलं? ज्यांनी शिकवलं तेच उंबऱ्यात उभे राहून हसत होते.

अण्णांच्या द्राक्ष पॅकिंगच्या शेडमध्येही नाल्याचं पाणी शिरलं होतं. आम्ही दोघी खराटे घेऊन गेलो तेव्हा ते ओरडले, "चिखलाला हात लावायचा नाय. सर्वे झाल्याबिगर एक घमेलं हलवायचं नाय." आम्ही माघारी फिरलो. वाटेत सुमन म्हणाली, "आत्या, अण्णांचं डोकं फिरलं काय हो? घाणीतच बसायचं म्हणत्यात." आम्ही हसलो. तशाच घरी आलो आणि आमचा चिखल काढायला लागलो.

चिखल हाच पुरावा, हे त्यांना ठाऊक होतं. मी समोर उभी होते. तुम्हीही हलवू नका, एवढं बोलायला काय लागत होतं? नाही बोलले. त्यांची भरपाई आली.

मग ऊन पडलं. मातीची भिंत पाण्यात पडत नाही. पाणी पिऊन फुगते आणि उभी राहते. पडते ती सुकायला लागल्यावर. सुमन भाकरी थापत होती तेव्हा मागची भिंत बसली. ती अर्धी बाहेर निघाली, पाय आत राहिला. आम्ही हातांनी माती उकरली. सिव्हिलला नेलं. हाड जुळलं पण पाय आखूड झाला. बागेत दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभं राहावं लागतं. ते तिला आता होत नाही. माझा मुलगा सातपूरला कारखान्यात कंत्राटावर आहे. तो आला, पडलेली भिंत बघितली आणि शेळीला पाणी पाजत बसला.

मी एकटी एसटीनं नाशकाला विम्याच्या ऑफिसात गेले. बाकावर बसले. नंबर आला. समोरचा मुलगा तरुण होता, बोलायला चांगला. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "मावशी, सर्वेत नुकसान नाही असं आलंय. भिंत नंतर पडली. त्या दिवशी पाऊसही नव्हता."

मी त्याला पाणी आणि माती सांगायला लागले. तो ऐकत नव्हता. आणखी काहीतरी उघडून म्हणाला, तसंही तुमचं घर पूररेषेच्या आत येतं, आतल्या घराला पुराचा विमा लागूच होत नाही.

मी थांबले. आधी हे लोक म्हणाले, तुमच्या घरात पूर आलाच नाही. आता म्हणतात, तुमचं घर पुरातच आहे. दोन्ही खरं कसं? मी विचारलं, पुरातच होतं तर हप्ता कशाचा कापला? तो म्हणाला, ते बँकेला विचारा.

मला ती रेषा दाखव, म्हणाले. त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. निळी रेघ. रेघेच्या वर देऊळ, शाळा, अण्णांचा बंगला. रेघेच्या खाली आमची वस्ती. सगळीच्या सगळी. एक घर चुकून वर नाही.

तो सहज म्हणाला, "पण मावशी, नदीत राहायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

मागं बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. हा प्रश्न मला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

"गावानं," मी म्हणाले.

त्यानं पुढचा नंबर पुकारला.

गावानंच. आमचं वापरलेलं पाणी त्यांच्या घाटाकडे जाऊ नये म्हणून आम्हाला प्रवाहाच्या खालच्या अंगाला बसवलं. वरचं पाणी त्यांचं, त्यांनी वापरून सोडलेलं आमचं. कॉम्प्युटरवरची रेघ सरकारनं आता काढली. गावानं ती कधीच काढून ठेवली होती. सरकारनं फक्त तिला रंग दिला. आणि मी जन्मभर समजत होते की आमचं नशीबच सखल.

परत आले तर अण्णांचा निरोप होता. जुन्या शेडच्या विटा पडून आहेत, घेऊन जा. मी बंगल्यावर गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. मोठ्या मनानं म्हणाले, "ने विटा आन् तिथंच बांध. जागा तुझ्या बापजाद्यांची हाय."

"बापजाद्यांनी मागितली नव्हती, अण्णा. विटा राहू द्या तुमच्याकडं."

"मग ऱ्हाशील कुठं?"

"वर."

"वर म्हंजी? देवाकडं?" घरातली माणसंही हसली.

"तुमच्या शेजारी," मी म्हणाले. तेव्हा कुणी हसलं नाही.

अण्णांच्या बंगल्याला लागून गायरान आहे. उंच, मुरमाड. कितीही पाणी आलं तरी तिथं पोचत नाही. तिथं मी बांबू रोवले, पत्रे टाकले आणि सुमनला घेऊन आले. दुसऱ्या दिवसापासून माझं बागेतलं काम बंद. गावातल्या कुणाच्याच बागेत काम नाही. किराणावाला उधार देत नाही. वस्तीतल्या बाया येतात, लांब उभ्या राहून म्हणतात, म्हातारे, आमच्या पोटावर पाय आणू नको, चल परत. मुलगा म्हणतो, तुझ्या हट्टापायी सगळे मरू. असेलही. वारा सुटला की पत्रे वाजतात. सुमन आपला दुखरा पाय धरून रडते आणि माझ्याजवळ तिला द्यायला काही नाही. धीरही नाही.

ग्रामसेवक येऊन सांगून गेला, हे अतिक्रमण आहे, जेसीबी आणावा लागेल.

आणा. पत्रे उचला. मी त्यांच्याखाली बसलेली असेन. ओढून काढलंत तर परत येऊन इथंच बसेन, पत्रा नसला तर उन्हात बसेन. मला भरपाई नको, विमा नको, कुणाच्या विटा नकोत. मला उंच जागा पाहिजे. गावाला आहे तशी. मी खाली उतरणार नाही. सुमनलाही उतरू देणार नाही.