चित्र जुनं शे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चौकशीला आलेल्या साहेबांना नाही, ज्यांना आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. इथे नाव न देता लिहिता येतं म्हणून लिहितोय. हाही एक भित्रेपणाच आहे, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी.

भुताखेतांचं मला कधी काही वाटलं नाही. आमचं घराणं मूळ राजस्थानातलं, शहाद्याला तीन पिढ्या कापडाचं दुकान. मी त्यातून फुटून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बंद पडलेली वस्तू का बंद पडली, याचं कारण सापडतंच, यावर माझा धंदा चालतो. कारण सापडलं नाही असं आयुष्यात एकदाच झालं... तेच सांगतोय.

सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे वडील पिंजारी, गाद्या-रजया भरायचे. त्यांचा मुलगा पायलट झाला, तेव्हा अख्ख्या गल्लीने फटाके वाजवले होते. शेजारच्या जिल्ह्यात एक छोटी धावपट्टी आहे, तिथल्या विमान शिकवणाऱ्या संस्थेत तो शिक्षक होता. त्याच्या घरात हिंदी, माझ्या घरात मारवाडी, पण आम्ही दोघं भेटलो की अहिराणी. मला तो कायम 'शेठ' म्हणायचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की जास्तच मोठ्याने म्हणायचा.

त्या संस्थेची विमानं लहान, दोन-चार माणसांची, बरीच जुनी. मोठ्या विमानात असतात तसे पडदे त्यात नाहीत. एकदा सलीम म्हणाला, "शेठ, लॅपटॉपवर नकाशा आणि ढग एका जागी दाखाडशी का? मांडीवर ठेवीसन उडसू." मी करून दिलं. काचेला चिकटवायचा छोटा जीपीएस, त्याने नकाशावर विमानाचं चिन्ह सरकत राहतं. आणि मोबाईलच्या नेटवरून हवामानाचं ताजं चित्र उतरवायचं, ते त्याच नकाशावर पसरतं. ढग कुठे आहेत आणि आपण कुठे आहोत, एका नजरेत दिसतं. नियमाच्या यंत्रांमध्ये ते धरत नाहीत, जोडीला असतं. पण माणसाची नजर तिकडेच जाते.

यात एक खोट होती, आणि ती आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. सातपुड्यात रेंज नाही. जीपीएसला रेंज लागत नाही, म्हणून विमानाचं चिन्ह सरकत राहतं... पण त्याच्याखालचं ढगांचं चित्र मात्र जिथे नेट तुटलं तिथेच थिजतं. बघणाऱ्याला वाटतं सगळंच जिवंत आहे. म्हणून मी त्यात एक लाल पट्टी बसवली होती. चित्र शिळं झालं की पडद्यावर आडवी येणार. आधी इंग्रजीत लिहिलं होतं, तर सलीम हसायला लागला. "इंग्रजी नको टाकू भो. घाबरना म्हणजे माणूस आपलीच भाषा वाचस." मग त्यानेच सांगितलं ते टाकलं — 'चित्र जुनं शे. बाहेर देख.'

त्याचे विद्यार्थी देशभरातून आलेले. त्यांना तो याचा अर्थ शिकवायचा. ते आपसात चिडवायचेही म्हणे, कुणाचं लक्ष नसलं की, "बाहेर देख!"

पुढे संस्थेच्या मालकांना हे सगळ्या विमानांत हवं झालं. त्यांना दाखवायला म्हणून एक फेरी ठरली. डोंगराकडे वळलो तशी पट्टी आली. येणारच होती. मालकांचं तोंड वाकडं झालं. "हे सारखं लाल काय येतंय? बघणाऱ्याला वाटेल बिघडलंय." मी म्हणालो, करतो काहीतरी. दुसऱ्या दिवशी, सलीमचा धरून, होते तेवढ्या सगळ्या लॅपटॉपमधली पट्टी काढून टाकली. तेवढी ऑर्डर पक्की झाली की परत बसवू, असं मनात होतं. सलीम तेव्हा सुट्टीवर होता. तो आल्यावर सांगू म्हटलं. तो आला, कामाला लागला, आणि माझं सांगणं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे... खरं सांगायचं तर मी टाळलं. तो भांडला असता.

आता यातली मेख समजून घ्या. सलीमला सवय होती की चित्र जुनं असेल तर लाल येईल. म्हणजे लाल नाही, तर चित्र ताजं. मी पट्टी काढली तेव्हा फक्त इशारा काढला नाही. शिळ्या चित्राला ताज्याची साक्ष दिली.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. सलीमला सुट्टीवरून येऊन थोडेच दिवस झाले होते, डोंगराकडे उडायची वेळ अजून आली नव्हती. गुजरातेत दुरुस्तीला दिलेलं एक विमान तो एकटा परत आणत होता. ढगांचं चित्र त्याने सकाळी उतरवून घेतलं होतं, पण इंजिनाचं काम रेंगाळलं आणि दुपार उलटली. निघताना त्याने मला फोन केला. तिथे नेट चालत नव्हतं, फोन तेवढा कसाबसा लागला होता.

"शेठ, काय करी ऱ्हायना?"

"माशा मारी ऱ्हायनू. तू बोल."

"निंघस आते. अक्कलकुवावरथून सरळ येस. आभाय साफ शे, पट्टी-बिट्टी काही नही. सांजले चहा ठेव. आणि मागला वखतना मायक साखर कमी नको टाकजो, कंजूस."

पट्टी-बिट्टी काही नही.

त्या क्षणी मला आठवलं. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही. चौकशीवाल्यांना वाटलं मला काही ठाऊक नव्हतं, घरच्यांना वाटतं मी बिचारा दोस्त गमावलेला. पण मला फोनवर, तो बोलत असतानाच आठवलं की पट्टी तर मी काढलीय. जीभ उचलली होती. समोर कुणी नव्हतं, घाई नव्हती. फक्त लाज वाटली. आता सांगितलं तर शिव्या घालेल, संध्याकाळी चहावर समोरासमोर सांगू, असं म्हटलं मनात. आणि म्हणालो, "ये ये, साखर आणी ठेवस."

फोन ठेवून बाहेर आलो तर उत्तरेला सातपुड्यावर काळंभोर चढलेलं. मी परत फोन लावला. लागला नाही. तो उडाला होता.

धडगावकडच्या एका उतारावर विमान सापडलं. तिथल्या पाड्यावरच्या लोकांनी त्याला चादरीच्या झोळीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणलं. मी तिथे पोहोचलो तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्या हातात सलीमचं घड्याळ दिलं, त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, मला कळलं नाही. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला तेवढं कळलं.

चौकशी झाली. हवामान खराब असताना वैमानिक डोंगरात शिरला, असं ठरलं. लॅपटॉपचा चुरा झाला होता. मला विचारलं, हे उपकरण नुसतं मदतीसाठीच ना? मी म्हणालो, हो. खोटं नव्हतं ते.

मग गावात बोलणं सुरू झालं. चहाच्या टपरीवर माझ्या देखत एकजण म्हणाला, "पिंजारीना पोऱ्या, ढग पिंजाले गया." सगळे हसले. मी चहाचे पैसे दिले आणि निघालो.

यापुढचं लिहायला जास्त जड जातंय. पट्टी मी परत बसवली नाही. बसवली असती तर कुणीतरी विचारलं असतं की मध्ये का नव्हती, केव्हापासून नव्हती. त्या भीतीने वर्षभर शिकाऊ पोरं पट्टी नसलेल्या लॅपटॉपवर उडत राहिली. आकाशात विमानाचा आवाज आला की मी दुकानाबाहेर येऊन उत्तरेकडचं आभाळ बघायचो. मग आत जाऊन कामाला लागायचो.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात, सलीमच्या जागी नवे आलेले शिक्षक थॉमस सर म्हणाले, नकाशावर विमानाचं चिन्ह उड्या मारतंय, एकदा सोबत येऊन बघा. हे केरळचे, स्वभावाने शांत. नाही म्हणता आलं नाही. दुपारी निघालो. सारंगखेड्यावरून तापी ओलांडली, घोडेबाजाराचे तंबू लागायला सुरुवात झाली होती, वरून पांढरे ठिपके दिसत होते. चिन्हाची खोड लगेच सापडली, काचेवरचा जीपीएस सैल झाला होता. मी तो दाबून बसवला. थॉमस सर म्हणाले, "चलो, थोड़ा पहाड़ की तरफ़ देखते हैं, ठीक चलता है कि नहीं।"

शहादा मागे पडलं. डोंगर सुरू झाले. मोबाईलची रेंज गेली, मी स्वतः पाहिलं. लॅपटॉप माझ्या मांडीवर, चित्र स्वच्छ. सर त्याच्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "साफ़ है।" मी काही बोललो नाही. मी तेव्हाही काही बोललो नाही, हे मुद्दाम लिहितोय.

आणि पडद्यावर लाल पट्टी आली.

मी घाबरून ओरडलो वगैरे नाही. पहिल्यांदा नुसतं वाचलं. ओळखीचं वाक्य होतं, वाचायला वेळ लागत नाही.

'चित्र जुनं शे शेठ. बाहेर देख.'

मी बाहेर पाहिलं. समोर धुरकट होतं, त्यात काही कळत नव्हतं. पण डावीकडे पाहिलं तर डोंगराची धारच नव्हती. मघाशी होती. राखाडी ढग वरून खाली उतरून धार गिळत गिळत आमच्याच बाजूला सरकत होता. मी म्हणालो, "सर, वापस चलिए।" त्यांनी एकदा बाहेर पाहिलं आणि काही न विचारता विमान वळवलं. उतरलो तेव्हा उत्तरेला डोंगर दिसतच नव्हते, आणि थोड्या वेळाने धावपट्टीवरही थेंब पडायला लागले.

थॉमस सर टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, "वो लाल में क्या लिखा था? मराठी था, मैं पढ़ नहीं पाया।"

म्हणजे त्यांनीही पाहिली होती.

मी तिथेच शेडमध्ये बसून लॅपटॉप उघडला. पट्टी त्यात नव्हती. ते वाक्य कुठेच नव्हतं. तो लॅपटॉप तर सलीमच्या नंतर घेतलेला, मीच कोरा करून भरलेला, पट्टी त्यात कधी बसवलीच नव्हती. जुनी प्रत चुकून आली असेल, असं धरून सगळं उलटंपालटं करून पाहिलं. समजा आली असेलही. पण माझ्या वाक्यात 'शेठ' नव्हतं. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या इशाऱ्यात मी 'शेठ' कशाला टाकेन? मला शेठ म्हणणारा एकच माणूस होता.

थॉमस सरांना सांगितलं, "पुराना है, बाहर देखो, ऐसा लिखा था." ते म्हणाले, "अच्छा लिखा है।" मी त्याच दिवशी सगळ्या लॅपटॉपमध्ये पट्टी बसवली. कुणी विचारलं तर म्हणायचो, नवीन सुधारणा आहे. म्हणजे पुन्हा खोटंच.

नंतर मी सलीमच्या घरी गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. त्याच्या आईला मी लहानपणापासून खाला म्हणतो. त्यांनी जेवायला बसवलं. माझ्यासाठी कांदा-लसूण न घातलेली भाजी वेगळी करतात, अजूनही. वाढता वाढता म्हणाल्या, "बेटा, एक बात पूछूँ? मेरे सलीम को आभाळ दिखा नहीं क्या? छोटा था तो बादल देखके पतंग उतार लेता था। सब बोलते मस्ती किया। वो मस्ती करने वाला था क्या रे?"

"नहीं खाला."

"फिर?"

मी आणखी थोडी भाजी मागून घेतली.

सलीमची मुलगी सना बारावीला आहे. तिला विमानच शिकायचंय. तिचे चाचा म्हणतात, बाप गेला तेवढं पुरे, त्याचीच मस्ती हिच्यात उतरलीय. ती मला दारापर्यंत सोडायला आली. चपला घालत होतो तर हळूच म्हणाली, "काका, पप्पांनी घाई केली होती का?"

"नाही ग."

"मग काय झालं होतं? तुमच्याशीच शेवटचं बोलले ना ते?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून आलो.

त्या पट्टीचं कारण मला आजही सापडलेलं नाही. जाणकारांना नाव न सांगता विचारून पाहिलं, त्यांनाही सांगता आलं नाही. इथे कुणाला सुचलं तर लिहा, मी वाचेन. पण आताशा त्याचं मला फारसं वाटत नाही. ज्याला माझ्यामुळे बाहेर बघायचं राहिलं, त्याने मला बाहेर बघायला लावलं, असं मी धरून चाललोय. तो रागावला नव्हता, एवढं त्या एका शब्दावरून वाटतं. तेच जास्त दुखतं.

खालाला आणि सनाला, त्यांच्या घरात, समोर बसून, पट्टी मी काढली होती आणि ते मला फोनवर आठवलं होतं, हे सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे. चौकशीवाल्यांना लेखी कळवणंही बाकी आहे. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.