होळीच्या आधीची आग

अर्धा माळ मागं पडला तरी पुनमचे पाय काही थांबायला तयार नव्हते. ती पुढं, केवळाबाई मागं. साडीच्या काठाला कुसळं चिकटत होती. केवळाबाई वाकून दोन काढायच्या, तोवर चार नवी लागलेली असायची. शनिवार म्हणून त्या मसोबाला तेल घालायला निघाल्या होत्या. "मीबी येते," म्हणून पुनम सोबत आली, पण देवाची सरळ वाट सोडून तिनं त्यांना माळाच्या कडेकडेनं चालवलं होतं.

"अगं माय, देवाला चाललो का पोलीस भरतीला? दमानं चाल की."

पुनम थांबली, पण हात थांबले नाहीत. तिनं गवताची एक काडी उपटली आणि कानाजवळ धरून वाकवली. काडी मोडली नाही.

"बघा मावशी, बुडाला अजून ओल हाय. आत्ता लावलं तर गुडघ्याएवढा जाळ. फाल्गुनात हीच काडी कडकन मोडंल, अन् जाळ माणसाच्या वर जाईल."

"सकाळपासून तिसऱ्यांदा सांगायलीस."

"मग हाव म्हणा की एकदा."

केवळाबाई पुन्हा कुसळं काढायला वाकल्या.

ही पोरगी त्यांच्याच अंगणवाडीतली; बापाचं नाव श्रीमंत. खिचडीची ताटली हातात घेऊन हिंडत जेवायची, सतरंजीवर म्हणून टिकायची नाही. चाकूरला शाळा झाली, लातूरला डॉक्टरकीचे क्लास केले, ते जमलं नाही. मग नांदेडला विद्यापीठात गेली आणि गवताच्या, वणव्याच्या मागं लागली. गवत कापून ओलं तोलायचं, वाळवून पुन्हा तोलायचं. माळाचे लहान लहान तुकडे आखून कुठला थंडीत, कुठला उन्हाळ्यात जाळायचा आणि पुढं तिथं काय उगवतं ते बघायचं. गावाला हसायला विषय मिळाला. "श्रीमंतची पोरगी नांदेडला जाऊन आग लावायची शिकून आली," असं हॉटेलात कुणी म्हटलं, की दुसरा म्हणायचा, "त्याला नांदेड कशाला पाहिजे? आपल्या गावात काय कमी हायती लावणारे?"

गेल्या धुळवडीपासून मात्र कुणी हसत नव्हतं.

रीत जुनी होती. धुळवडीच्या सकाळी होळीतला विस्तू घेऊन टेंभा पेटवायचा, हलगीच्या तालावर तो माळावर न्यायचा, मसोबापुढं नारळ फोडायचा आणि मग माळाच्या कडेनं गवताचा पट्टा जाळून काढायचा. म्हणजे पुढं वणवा लागला तरी तो खाली शिवारात उतरत नाही. टेंभ्याचा मान पुनमच्या घराचा, नारळाचा केवळाबाईंच्या घराचा. नारळ फुटेपर्यंत टेंभा विझवायचा नाही, खाली टेकवायचा नाही.

गेल्या वर्षी हलगीवाले उशिरा आले. त्यांची वाट बघता बघता ऊन चढलं, पश्चिमेचा वारा सुटला. पुनमचे वडील श्रीमंत टेंभा घेऊन गवतातून चालू लागले आणि ठिणग्या त्यांच्याच मागं पडत गेल्या. मागचं गवत भडकलं. "टाका, टाका!" म्हणून अख्खं गाव ओरडत होतं. जाळानं पाय गाठले तरी त्यांनी टेंभा टाकला नाही. मसोबापाशी नारळ हातात धरून केवळाबाई नुसत्या बघत राहिल्या. कडब्याच्या गंजी गेल्या, गवतातली चंडोलांची घरटी अंड्यांसकट गेली आणि श्रीमंतांचे दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले. आता कातडी आखडली आहे, उंबरा ओलांडताना ते भिंत धरतात. आणि म्हणतात, "यंदाबी मीच नेणार. मान हाय घराचा."

मसोबाचा दगड आला. केवळाबाईंनी तेल घातलं, शेंदराचं बोट लावलं, डोळे मिटले. मन काही मिटेना. पुनमनं हात जोडले, पण तिचं लक्ष वाऱ्याकडं. हात सोडले तसं बोट ओलं करून तिनं हवेत धरलं.

"सगळं झालंय मावशी. पंचायत हाव म्हणली. पाण्याचा टँकर येतोय, फवारणीचे पंप हायती, पोरं जाळ झोडपायला लिंबाचे डहाळे घेऊन उभी राहणार. पण सगळे एकच म्हणतेत, केवळाबाईचा नारळ फुटल्याबिगर काडी वढायची न्हाई."

"आमचे मालक म्हणतेत, पौषात असलं काही करू नाही. अन् होळीच्या आधी आग लावायची म्हणजे देवाचा मान मोडला."

"शेषेरावकाका घरात तुमचंच ऐकतेत."

"मलाच उमगंना तर त्यांना काय सांगू, पोरी? गावावर काही आलं तर नाव माझं निघंल. न्हाई केलं अन् तुझ्या बापाला काही झालं, तरी माझंच."

पुनम पहिल्यांदाच खाली बसली, देवासमोरच्या खडकावर. काठाची कुसळं ती एकेक करून काढू लागली, स्वतःच्या नाही, केवळाबाईंच्या साडीची.

"मान मी कुणाचाच मोडत न्हाई. धुळवडीला बाबा टेंभा आणतील, हलगी वाजंल, तुम्ही नारळ फोडाल. ते ऐकणार न्हाईत, मला म्हाईत हाय. फक्त त्यांच्या पायाखाली तवा गवत नसावं." तिनं आणखी एक कुसळ ओढून काढलं. "उद्या सकाळी दव सुकलं की नारळ घेऊन या, मावशी. अन् देवाला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मला त्याच्याशी बोलता येत न्हाई."