आप्पांची पेंढी वेदीवर का नको?

तीन आठवडे लिहीन लिहीन म्हणतोय आणि लिहीत नाही. दौंड स्टेशनजवळच्या या सायबर कॅफेत चार वेळा येऊन बसलो. दोनदा क्रिकेटचा स्कोअर बघून उठलो, एकदा लडाखचे फोटो बघण्यात तास गेला, एकदा लाईटच गेली. खरं कारण वेगळंय. हे लिहायचं म्हणजे सख्ख्या भावाविरुद्ध लिहायचं, आणि तो पाळक आहे. आज लिहितोच. कुणाला राग आला तर येऊ दे.

आम्ही ख्रिस्ती. वडील रेल्वेत, म्हणून दौंडला वाढलो. मूळ गाव मात्र शिरूर तालुक्यात, केंदूरच्या पुढची एक छोटी वस्ती. पंधरा-वीस घरं, एक बुटकं चर्च आणि चर्चचं दोन एकर रान. बाजरी निघाली की एका रविवारी तिथं हंगामाचा सण असतो. प्रत्येक घर पहिल्या कणसांची पेंढी आणून वेदीवर ठेवतं. धर्माकर्मात रस नसला तरी एकदा जाऊन बघा. चर्चला त्या दिवशी शेताचा वास येतो.

दादा यंदाच तिथं पाळक म्हणून गेला. शहरात शिकून, सगळं नीट पुस्तकाप्रमाणं करायचं ठरवून. सणाच्या आधी तिथल्या आत्याचा फोन आला.

"लेका, तू ये. आप्पांची पेंढी घ्यायची न्हाई म्हणतोय तुजा दादा. ते आपल्यातले न्हाईत म्हणं."

शनिवारी सकाळी मित्राची बाईक घेतली. जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगून ठेवतो: दौंडहून चौफुला, तिथून उजवीकडं पारगाव, भीमा ओलांडून न्हावरा, पुढं तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर आणि मग केंदूर. न्हावऱ्यापर्यंत खड्डे मोजायच्या फंदात पडू नका. शंभरचं पेट्रोल आणि वाटेत दोन चहा, एवढ्यात माणूस तीन तासांत पोचतो.

मला सात लागले. चौफुल्याला चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, कासुर्डीजवळ मेंढरं बसलीत. कासुर्डी माझ्या वाटेवर नाही, उलट पुण्याकडं आहे. तरी गेलो. मोकळ्या रानात जाळीचं कुंपण घालून तीनशे मेंढ्या बसवलेल्या. मालक म्हणाला, "पाच रात्री बसिवतो. लेंड्या पडत्यात, शेतकरी धान्य देतो. रान दोन वर्सं खत मागत न्हाई." मी तिथं दोन तास बसून राहिलो. मला आप्पा आठवत होते.

आप्पांचं घराणं मेंढपाळाचं. त्यांच्या वडलांपासून त्यांची मेंढरं दर हंगामानंतर आमच्या चर्चच्या रानात बसायची. चर्च त्यांना धान्य द्यायचं. पुढच्या सणाला ते आपल्या रानातली पहिली पेंढी वेदीवर आणून ठेवायचे. मेंढ्या विकून आप्पा पूर्ण शेतकरी झाले, पेंढी मात्र थांबली नाही.

मी पोचलो त्या संध्याकाळी ते आत्याकडं आले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खांद्यावर कोकरू घेतलेले प्रभू होते. आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"लंगडं आसंल," म्हणाले. "चालतं मेंढरू कोन खांद्यावर घेतो?"

इतकी प्रवचनं ऐकली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. हातात पेंढी, लाल सुतळीनं बांधलेली. दादा पांढऱ्या झग्यात पुढं आला.

"आप्पा, तुमचा मान आहेच. पण ही वेदी आहे. पेंढी दाराबाहेरच्या पायरीवर ठेवा."

"ठिवतो की," आप्पा म्हणाले. "पायरीबी तुमचीच हाय." आणि वाकून ठेवली.

मी उठलो.

"दादा, वेदीवर चर्चच्या रानातली बाजरी आहे ना? त्या रानात आप्पांची मेंढरं बसली. त्या लेंड्यांनीच जमिनीला कस आला. त्यांची पेंढी चालत नसेल तर ही सगळीच खाली उतरव."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"देवाच्या घरात लेंड्या काढतोस?" दादा ओरडला.

"देवानंच केल्यात. मी नुसतं नाव घेतलं."

"बाहेर हो," दादा म्हणाला. "आणि परत माझ्या चर्चमध्ये येऊ नकोस."

"चर्च तुझं नाही," म्हणालो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं आत्या आली. वेदीवरची स्वतःची पेंढी उचलून आणली आणि आप्पांच्या पेंढीशेजारी ठेवली. बाकी कुणी उठलं नाही. वाटलं होतं चार जण तरी उठतील.

आप्पांनी मला शाबासकी दिली नाही. "मोठ्या भावाला चारचौघात बोललास, ते काय बरं केलं न्हाई. पर लेंड्यांचं खरं हाय." मग आपली पेंढी उचलून बाईकला बांधली. "आईकडं ने. देव दौंडालाबी आसंल की."

आता अर्धी पेंढी आमच्या क्वार्टरच्या दाराला टांगलीय, चिमण्या खातायत. उरलेली आईनं फडक्यात बांधून कपाटावर ठेवलीय. दादाचा फोन नाही, माझाही नाही. आई जेवताना दोघांपैकी कुणाचंच नाव घेत नाही, हे जास्त लागतं. पण शब्द मागं घेणार नाही. माझा विश्वास दादापेक्षा कमी नाही. पाऊस चर्चच्या मंडळीचं रजिस्टर बघून पडत नाही, माती दाणा देताना जात-धर्म विचारत नाही, आणि ज्यानं दोन्ही केलं त्याच्या वेदीला कुणाची बाजरी विटाळेल असं मला कुणीही, झगा घालूनसुद्धा, पटवू शकणार नाही.

थांबा, आईचा फोन येतोय.

आई म्हणते, "आहे तसा घरी ये. दादा आलाय. चप्पल काढंना, दारातच उभाय त्या कणसांकडं बघत. विचारतोय, आप्पांची पेंढी शिल्लक आहे का?"